पाच मिलिमीटर

तेजल चौथ्या महिन्यापासून
स्वतःच्या नाकाकडेच बघत होती.
दोन्ही बुबुळं आत,
घरात कोणी पाहुणा आलाय
आणि त्याच्याबद्दल आपसात काही बोलायचंय, तशी.
उजवीकडचा खुळखुळा डाव्या डोळ्यानं बघे,
डावीकडचा उजव्या,
मान तेवढी फिरवायची.

शेजारची भागूकाकी म्हणाली,
"तिरळा पोर नशिबाचा असता, रडतंस कित्याक?"
आत्येनं काही न बोलता
पाळण्यावरचा चिमणाळा सोडला
आणि माळ्यावर टाकला.
फार खाली बांधला होता म्हणे.
मीच बांधला होता, जाळ्याच्या गाठीनं.
रात्री समुद्रावर, हात रिकामे असले की
मी ती गाठ मनातल्या मनात सोडवत बसायचो.

कुडाळला नाबर डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला,
टॉर्च लावली.
"ठिपका बघा. या डोळ्यात मधोमध आहे.
यात कडेला गेलाय."
बघितला.
बंदराबाहेरून दिवा दिसतो, एवढाच.
मग तळहातानं एक डोळा झाकला,
दुसरा चटकन सरळ झाला.
हात काढला, परत आत.
मग तिरक्या काचांची पट्टी, एकेक काच सरकवत,
डोळा हलायचा थांबेपर्यंत.
एक आकडा त्यांनी कागदावर लिहिला.

मी विचारलं, चिमणाळ्यामुळे?
त्या हसल्या नाहीत.
"नाही. कोणामुळेच नाही."

आधी चष्मा. गुलाबी, मागे इलॅस्टिक.
दोनदा सुरमईच्या टोपलीत सापडला.
चष्म्यानं सुटणारं नव्हतं ते.
"मेंदू दोन चित्रं एकत्र करायला शिकतो
ते याच वयात," बाई म्हणाल्या,
"उशीर केलात तर शिकायचं राहून जाईल."

चित्रांचं मला कळत नाही. खुणांचं कळतं.
मालवणला आत शिरताना खडपं पाण्याखाली असतात.
बाबा दाखवायचे:
ती बर्फाच्या कारखान्याची टाकी,
तो मागचा वाकडा माड.
एका खुणेनं वाट कळते.
कुठवर आलो, ते दुसरीनं.
माझी पोर अकरा महिने
एकाच खुणेवर होडी हाकत होती.

डोळा बाहेर काढून बशीत ठेवतात,
असं जेटीवर कोणीतरी म्हणालं.
मी बाईंना तसंच विचारलं, शब्दाला शब्द.
"जागेवरच असतो. आत ओढणारा स्नायू
सोडवायचा, जरा मागे नेऊन शिवायचा.
पाच मिलिमीटर. दोन्हीकडे."
पाच मिलिमीटरमधून
माझी जाळं विणायची सुई जात नाही.

पहाटेपासून उपाशी होती,
नमिताचा पदर चावत होती.
दारापर्यंत नमिता गेली. पुढे परिचारिका.
दार झुलत राहिलं आणि थांबलं.
मी खिशातली दोरी काढली,
गाठी मारल्या, सोडल्या,
किती, ते मोजलं नाही.

बाहेर आणली तेव्हा पांढऱ्यात रातांब्याचा रंग,
आसवं गुलाबी.
नमिता म्हणाली, पोरीला रक्ताचं रडवलंत.
आणि मग स्वतःच तिचं तोंड पुसून
दूध पाजायला बसली.

विसाव्या दिवशी ती माझ्याकडे बघायला लागली.
माझ्याकडेच.
लाज वाटावी इतकं सरळ.
खोटं कशाला सांगू, क्षणभर
मला ती आधीची आठवली,
जिला जग नाकाच्या शेंड्यावर पुरत होतं.

बाई म्हणाल्या, थोडं आत राहिलंय,
पुढे कदाचित पुन्हा एकदा करावं लागेल.
लांबी-खोली किती उमगेल,
ते आज सांगत नाही.
बरं, म्हटलं. समुद्रही आज सांगत नाही.

घरी आल्यावर माळ्यावर चढलो.
चिमणाळ्याचा एक पोपट उंदरांनी खाल्लेला,
बाकीचे धड.
होता तिथेच बांधला.
तिनं हात उचलला.
पोपटाच्या अलीकडे थांबला.
बोटं हवेत मिटली, उघडली.
मग हात जरासा पुढे.

"परत खालतीच बांधलंस?" आत्या दारातून.
मी गाठ ओढून बघितली.
होती तशी ठेवली.